घरच्या हाय-फायसाठी आठ चॅनेलचा डॅक : तुलना नेमकी कशाची करायची? (नागपूर)

अंबाझरीकर

मल्टिचॅनेल डॅकवर, म्हणजे डिजिटल सिग्नलचा अनेक स्पीकरांसाठी अ‍ॅनालॉग सिग्नल करणाऱ्या यंत्रावर, मराठीत फारसं लिहिलेलं सापडत नाही. जे वाचायला मिळतं ते बहुतेक चिपच्या नावापाशी थांबतं. मला यात मनापासून रस आहे, म्हणून सविस्तर लिहितोय. चुकत असेल तिथे सांगा, भर घालायची असेल तर जरूर घाला.

घर प्रतापनगरात, खोली दहा बाय बारा. पाच स्पीकर आणि एक सबवूफर. ऐकतो ते मुख्यतः संगीत. गेल्या हिवाळ्यात मल्टिचॅनेल संगीत तीन वाटांनी वाजवून पाहिलं. पहिली वाट एचडीएमआयने सरळ एव्ही रिसीव्हरमध्ये. दुसरी ओप्पोच्या यूडीपी-२०५ मधून सहा आरसीए केबलींनी रिसीव्हरच्या अ‍ॅनालॉग इनपुटला. तिसरी लिनक्सच्या छोट्या कॉम्प्युटरवरून यूएसबीने आठ चॅनेलच्या डॅकला आणि तिथून थेट पॉवर अ‍ॅम्पला. तिसऱ्या वाटेवर माझा टॉपिंग डीएम-७ होता, आणि एका मित्राने ऑक्टो रिसर्चचा डॅक-८ प्रो काही दिवस आणून दिला होता.

माझं मत आधीच सांगतो. मल्टिचॅनेलमध्ये चिप सगळ्यात शेवटी बघावी. सिग्नल आत कुठून येतो, आठही चॅनेल आत एकाच घड्याळाच्या ठोक्यावर चालतात का, आवाज कमी-जास्त कुठे होतो आणि सबवूफरसाठी बास कोण वेगळा करतो, हे चार प्रश्न आधी सुटले पाहिजेत.

तरी चिपपासूनच सुरुवात करू, कारण गोंधळ तिथेच जास्त आहे. ईएसएस कंपनीची ईएस ९०३८ प्रो ही मुळात आठ चॅनेलची चिप. स्टिरिओ डॅक बनवणारे तिचे चार चॅनेल डावीकडे आणि चार उजवीकडे जोडतात. चार चॅनेलचा सिग्नल एकत्र आला की तो १२ डेसिबल वाढतो, पण प्रत्येकाचा नॉइज स्वतंत्र असल्याने तो ६ डेसिबलच वाढतो. म्हणजे ६ डेसिबलचा फायदा. तीच चिप डीएम-७ सारख्या यंत्रात एकटी आठ चॅनेल सांभाळते तेव्हा हा फायदा मिळत नाही. ओप्पोने २०५ मध्ये दोन ९०३८ प्रो घातल्या, एक फक्त स्टिरिओसाठी आणि दुसरी ७.१ साठी (सात स्पीकर, एक सबवूफर), तिथेही मल्टिचॅनेलच्या वाट्याला एकच चिप येते. ऑक्टोमध्ये ९०२८ प्रो आहे. स्टिरिओ डॅकचा आकडा आणि आठ चॅनेलच्या डॅकचा आकडा शेजारी ठेवून ‘मल्टिचॅनेलवाला हलका’ म्हणणं म्हणूनच बरोबर नाही. हा फरक मूळ आवाजाच्या सुमारे १२० डेसिबल खाली असलेल्या नॉइजमधला आहे. आपल्या खोलीत तो कानापर्यंत पोचत नाही.

आता आत येणाऱ्या वाटेबद्दल, कारण पैसे वाया जातात ते इथे. ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्सियलमधून पीसीएम (न दाबलेला डिजिटल आवाज) फक्त दोन चॅनेल जातं, ५.१ जातं ते डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस असं दाबलेलं. एचडीएमआय २००२ च्या पहिल्या आवृत्तीपासून आठ चॅनेलचं २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ पीसीएम नेते, आणि २००५ च्या १.२ पासून एसएसीडी या डिस्कवरचं डीएसडीसुद्धा (एका बिटाच्या पद्धतीचं मुद्रण). पण एचडीएमआय इनपुट द्यायचं तर परवाना आणि एचडीसीपी (कॉपी रोखणारं कुलूप) दोन्ही आलं. लहान कंपन्या त्या वाटेला जात नाहीत. त्यामुळे आठ चॅनेलचे चांगले डॅक बहुतेक यूएसबीवरच आहेत आणि डिस्क प्लेअर त्यांना जोडता येत नाही. मिनीडीएसपीच्या फ्लेक्स एचटीसारखं एखादंच यंत्र ईआर्कवरून (एचडीएमआयनेच टीव्हीकडून उलट आवाज आणणारी वाट) आठ चॅनेल घेतं. तिथेही आत डॉल्बीचा डिकोडर नाही, समोरच्या उपकरणाने पीसीएम करून द्यावं लागतं. आणि टीव्हीवर नुसतं ‘आर्क’ लिहिलं असेल तर त्यावरून पीसीएम दोनच चॅनेल येईल, ईआर्कच हवं.

ज्यांच्याकडे एसएसीडीच्या डिस्क आहेत त्यांनी डॅक घेण्याआधी एवढं तरी तपासावंच. फाइली विकत घेऊन ऐकणाऱ्यांना यूएसबीची वाट मोकळी आहे. फ्लॅक फाइल आठ चॅनेलपर्यंत साठवते, आणि आठ चॅनेल २४/१९२ ला सेकंदाला सुमारे ३७ मेगाबिट लागतात. यूएसबी २ ची क्षमता ४८० आहे.

महालकर

दादा, मस्त लिहिलं. एक विचारतो. माह्याकडे दोन चॅनेलचे चांगले डॅक आधीच आहेत, दोन. अजून एक घेतला की सहा चॅनेल होतात. आठ चॅनेलचा वेगळा डॅक काहून घ्यायचा? कॉम्प्युटरवर तिन्ही एकत्र जोडता येते म्हणतात.

सोल्डरगन

महालकर भाऊ, जोडता येते, पण प्रत्येक डॅकमध्ये आपापला क्रिस्टल असतो आणि कोणतेही दोन क्रिस्टल अगदी सारखे चालत नाहीत. दोघांत ५० पीपीएमचा (दहा लाखांत ५०) फरक धरा, हा काही मोठा नाही. एका सेकंदाला ५० मायक्रोसेकंद, एका मिनिटाला ३ मिलिसेकंद. आवाज ३ मिलिसेकंदांत एक मीटर जातो. म्हणजे गाणं सुरू होऊन मिनिट झालं की मागचे स्पीकर एक मीटर सरकल्यासारखे होतील, आणि दहा मिनिटांच्या ख्यालात दहा मीटर. हे टाळायला सॉफ्टवेअर मधून मधून सॅम्पल बदलत राहतं. मॅकमध्ये अ‍ॅग्रिगेट डिव्हाइस करताना ‘ड्रिफ्ट करेक्शन’ची खूण असते ती यासाठीच. चालतं, पण मग चांगला डॅक घेऊन काय उपयोग? वर्ड क्लॉक (बाहेरून दिलेलं सामाईक घड्याळ) घेणारे डॅक असतील तर गोष्ट वेगळी, ते स्टुडिओच्या सामानात असतं.

स्टुडिओवरून आठवलं. मोटूचा अल्ट्रालाइट एमके-५ हाही या कामाला चालतो, दहा लाइन आउटपुट आहेत आणि सगळे एका घड्याळावर. घरगुती डॅकसारखा देखणा रिमोट-डिस्प्ले नाही. पण सुरुवात करणाऱ्याने या बाजूलाही नक्की बघावं. संगीताच्या सामानाच्या दुकानात मिळतो, हाय-फायच्या दुकानात विचारू नका.

व्हॉल्व्हरेडिओ

अंबाझरीकर, आदरपूर्वक असहमत आहे. चिपचा फरक मला ऐकू येतो. एकेएम कंपनीची चिप असलेला प्लेअर आणि ईएसएसवाला रिसीव्हर मी वर्षानुवर्षं ऐकतोय. एकेएममध्ये गळा भरीव वाटतो, ईएसएसमध्ये ‘स’ आणि ‘श’ टोचतात. सारंगीवर हे लगेच कळतं. २०२० च्या ऑक्टोबरात जपानात नोबेओकाला एकेएमचा कारखाना जळाला, तेव्हा कितीतरी कंपन्यांना डिझाइन बदलून ईएसएसकडे जावं लागलं. त्यानंतरचा आवाज मला तरी वेगळाच वाटतो.

अंबाझरीकर

काका, तुमच्या कानांवर शंका नाही. फरक ऐकू आला असेलच. तो चिपमुळे आला का, एवढंच मला तपासायचं आहे. प्लेअर आणि रिसीव्हर यांची अ‍ॅनालॉग बाजू वेगळी, आउटपुटची पातळी वेगळी. अर्ध्या डेसिबलने मोठा वाजणारा डॅक आपल्याला ‘मोठा’ वाटत नाही, ‘भरीव’ वाटतो.

म्हणून मी तुलना अशी केली. १०० हर्ट्झचा सूर फाइल करून वाजवला आणि स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजले, प्रत्येक चॅनेलचे वेगळे. १ किलोहर्ट्झचा सूर मुद्दाम घेतला नाही, कारण साधे मल्टिमीटर वरच्या फ्रीक्वेन्सीला नीट मोजत नाहीत. ०.१ डेसिबल म्हणजे सव्वा टक्क्याच्या जवळपास. एका डॅकवर २ व्होल्ट येत असतील तर दुसऱ्यावर १.९८ ते २.०२ च्या आत यायला हवेत. पाचही चॅनेल असे जुळवल्यावर घरातल्यांना केबल बदलायला बसवलं आणि मला न सांगता ऐकवायला सांगितलं.

डीएम-७ आणि डॅक-८ प्रो यांत मला खात्रीने फरक सांगता आला नाही. ओप्पो आणि यूएसबी डॅक यांत सांगता आला, आणि कारण सापडेपर्यंत मी सोडलं नाही. ओप्पोमध्ये बास ८० हर्ट्झला वेगळा होत होता, कॉम्प्युटरवर मी ६० ठेवला होता. दोन्हीकडे ८० केल्यावर तो फरक गेला. काका, शक्य असेल तर तुम्हीही एकदा पातळी जुळवून सारंगी ऐका. तरीही ‘श’ टोचला तर मला खरंच जाणून घ्यायला आवडेल, मी ऐकायला घरी येईन.

सोल्डरगन

काकांच्या बाजूने एक तांत्रिक मुद्दा. ईएसएसच्या प्रो चिपमधून करंट बाहेर येतो, त्याचं व्होल्टेज करायचा टप्पा डिझाइन करणाऱ्यावर सोडलेला असतो. तो नीट जमला नाही तर मधल्या पातळीवर इंटरमॉड्युलेशन (सुरांच्या मिसळण्यातून उपजणारे नको असलेले सूर) वाढतं, ग्राफमध्ये तो उंचवटा स्पष्ट दिसतो. एकेएमच्या बहुतेक चिपमधून थेट व्होल्टेज येतं. त्यामुळे ‘ईएसएसचा स्वस्त डॅक टोचतो’ यात काही वेळा तथ्य असू शकतं. दोष मात्र त्या टप्प्याचा असतो.

आणि अंबाझरीकरांनी व्हॉल्यूमचं अजून लिहिलं नाही, ते मी लिहितो. स्टिरिओला प्रीअ‍ॅम्प मिळतो, आठ चॅनेलचा अ‍ॅनालॉग प्रीअ‍ॅम्प शोधून बघा, हाती फार थोडे लागतील. म्हणजे व्हॉल्यूम डिजिटल, डॅकमध्येच. तो वाईट नाही, फक्त गेन जुळला पाहिजे. बॅलन्स्ड आउटपुट (वाटेत शिरलेला गोंगाट रद्द करणारी जोडणी) साधारण ४ व्होल्ट देतं. २६ डेसिबल गेनच्या अ‍ॅम्पला ८ ओहमवर १०० वॉट द्यायला १.४ व्होल्ट पुरतात. म्हणजे ९ डेसिबल आपण कधी वापरणारच नाही, उलट नेहमी व्हॉल्यूम ३०-४० डेसिबल खाली ठेवून ऐकणार आणि अ‍ॅम्पकडे डॅकचा नॉइज मात्र पूर्ण जाणार. अ‍ॅम्पला गेनचं बटण असेल तर कमी करा. नसेल तर डॅक आणि अ‍ॅम्पच्या मध्ये १० डेसिबलचे अ‍ॅटेन्युएटर लावा. हॉर्न स्पीकरसारखे जास्त सेन्सिटिव्हिटीचे स्पीकर असतील तर हे आधी करा, चिपचं नंतर बघा.

तानपुरा_जवारी

मी शास्त्रीय गायन शिकवते. धागा आवडला, पण माझा प्रश्न सरळ आहे. आपल्या शास्त्रीय संगीताचं ध्वनिमुद्रण तर जवळजवळ सगळं स्टिरिओच आहे, जुनं असेल तर मोनो. मग मला आठ चॅनेल कशाला हवेत?

अंबाझरीकर

ताई, फक्त शास्त्रीय ऐकायचं असेल तर मागच्या स्पीकरांसाठी आठ चॅनेल घेऊ नका, असंच सांगेन. पाच चॅनेलचं चांगलं संगीत आज मुख्यतः पाश्चात्त्य वाद्यवृंदाचं आहे. पेंटाटोनने फिलिप्सची सत्तरच्या दशकातली चार चॅनेलची ध्वनिमुद्रणं एसएसीडीवर आणली, नॉर्वेच्या टू-एलची मल्टिचॅनेल मुद्रणं तर खास आहेत. पेंटाटोनच्या त्या मुद्रणांत मागचे स्पीकर बहुतेक सभागृहाचा घुमारा तेवढा देतात. देशपांडे सभागृहात मधल्या रांगेत बसल्यावर टाळ्या जशा चहूबाजूंनी येतात, तसं. वाद्यं समोरच राहतात.

पण आठ चॅनेलचा दुसरा उपयोग आहे आणि तुमच्या कामाचा तोच वाटतो. स्टिरिओच ऐका, दोन मुख्य स्पीकर दोन चॅनेलवर ठेवा आणि दोन सबवूफर वेगवेगळ्या चॅनेलवर घ्या, प्रत्येकाची वेळ आणि पातळी वेगळी लावून. माझ्या खोलीचं उदाहरण देतो. बारा फुटांच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या जवळ आवाज साचतो, दहा फुटांच्या भिंतींमध्ये ५६ ला. छतही दहा फुटांवर, म्हणजे ५६ वर दोन दिशांचा साचतो. तबल्याच्या डग्ग्याची घुमक आणि पुरुष आवाजाचा खर्ज याच्या थोडा वर आहे, पण तानपुऱ्याखाली एक सततची गुणगुण राहते ती या साचण्यामुळे. दोन सब खोलीत नीट ठेवून ती गुणगुण कमी करता येते. कोणताही महागडा स्टिरिओ डॅक हे काम करू शकत नाही.

तानपुरा_जवारी

हे पटलं. विद्यार्थ्यांना खर्जाची साधना ऐकवताना एक ठरावीक स्वर खोलीत फुगतो आणि शेजारचा दबतो, हा अनुभव रोजचा आहे. मी ते आतापर्यंत स्पीकरच्या माथी मारत होते.

गच्चीवरचा_कूलर

अंबाझरीकरांनी हिवाळ्यात तुलना केली हे फार बरोबर केलं, त्यावर जोर देतो. आपल्याकडे एप्रिल ते जून कूलरशिवाय खोलीत बसवत नाही. कूलर चालू असताना माझ्या खोलीत आवाज ५५ ते ६० डेसिबलच्या मध्ये असतो. त्यावर १२० डेसिबलच्या डॅकची तुलना होऊ शकत नाही. शिवाय पंप सुरू-बंद होताना स्पीकरमधून टक्क आवाज यायचा, तो मी कूलरची लाइन वेगळ्या सर्किटवर घेतल्यावर बंद झाला.

दुसरं म्हणजे अर्थिंग. आपली काळी माती उन्हाळ्यात आकसते, तडे जातात, अर्थिंगच्या खड्ड्यातल्या सळईचा मातीशी संबंध सुटत जातो. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात मार्चपासून पाणी टाकत राहा. सहा-आठ अनबॅलन्स्ड केबली, कॉम्प्युटर आणि तीन अ‍ॅम्प एकत्र आले की ग्राउंड लूप (अर्थच्या तारांत फिरणारा करंट, त्यानेच गुरगुर येते) होतोच, आणि ढिल्या अर्थिंगवर ती गुरगुर आणखी वाढते. कोणी गुरगुर घालवायला प्लगची अर्थची पिन काढायला सांगेल, ते अजिबात करू नका, जिवावर बेतेल. बॅलन्स्ड आउटपुटचा डॅक आणि बॅलन्स्ड इनपुटचा अ‍ॅम्प घ्या. सगळं सामान एकाच बोर्डावरून चालवा.

अंबाझरीकर

यात एक भर. तापमानाने आवाजाचा वेगही बदलतो. १२ अंशांना सेकंदाला सुमारे ३३९ मीटर, ४० अंशांना ३५५ च्या जवळ. त्यामुळे जे साचणं डिसेंबरात ४६ ला मोजलं ते मे महिन्यात बंद खोलीत ४८-४९ ला जातं. हिवाळ्यात अगदी अरुंद फिल्टर लावून ठेवला असेल तर उन्हाळ्यात तो नेम चुकतो. फिल्टर जरा रुंद ठेवा किंवा दोन ऋतूंची दोन प्रोफाइल करा. मी दोन केली आहेत.

बर्डीवाला

तीन-वे स्पीकर स्वतः बांधतोय. क्रॉसओव्हर (कोणत्या ड्रायव्हरला कोणते सूर द्यायचे ती वाटणी) सगळा कॉम्प्युटरवर, सहा चॅनेल ड्रायव्हरना, दोन सबना. कॅमिलाडीएसपी हे फिल्टरचं सॉफ्टवेअर वापरून राहिलो. ट्वीटर (उंच सुरांचा ड्रायव्हर) थेट अ‍ॅम्पला जोडायची भीती वाटते. काय करावं?

सोल्डरगन

भीती रास्त आहे. डॅक थेट ड्रायव्हरना जोडला की मध्ये काहीच आड येत नाही. कॉम्प्युटरने एखादा सिस्टिमचा आवाज पूर्ण पातळीवर सोडला, चॅनेलचा क्रम बदलला, तर बासचा सिग्नल ट्वीटरमध्ये जातो आणि कॉइल जळते. ट्वीटरच्या मालिकेत कपॅसिटर टाका. ८ ओहमला २० मायक्रोफॅरड म्हणजे सुमारे १००० हर्ट्झच्या खालचं अडायला लागतं. तुमचा क्रॉसओव्हर २५०० च्या आसपास असेल तर आवाजावर फारसा परिणाम नाही, जो होतो तो मोजून फिल्टरमध्ये भरून काढा. पॉलिप्रॉपिलीनचा घ्या. सुरू करताना आधी डॅक, मग फिल्टर, शेवटी अ‍ॅम्प. बंद करताना उलट.

आणि क्रम तपासल्याशिवाय अ‍ॅम्प लावू नका. डब्ल्यूएव्ही आणि फ्लॅकमध्ये ५.१ चा क्रम डावा, उजवा, मधला, एलएफई (सबसाठीचा वेगळा चॅनेल), मग मागचे दोन. सिनेमाच्या स्टुडिओत डावा, मधला, उजवा, मागचे दोन आणि शेवटी एलएफई असाही चालतो. अशी फाइल हाती आली तर गायक उजव्या कोपऱ्यात जाऊन बसतो.

महालकर

एलएफईवरून अडलो ना मी. मित्राचा आठ चॅनेलचा डॅक आणून जोडला. संगीत झ्याक वाजते, पण सिनेमात सब एकदम मरतुकडा. रिसीव्हरवर तोच सिनेमा खोली हालवते. डॅकच कमजोर आहे काय?

अंबाझरीकर

डॅक ठीक आहे, महालकर. एलएफईचा चॅनेल सिनेमाच्या मुद्रणात १० डेसिबल खाली ठेवलेला असतो आणि वाजवताना तेवढा वर आणायचा असतो. रिसीव्हर हे न सांगता करतो. कॉम्प्युटर ते डॅक ते सब या वाटेवर तुम्हालाच करावं लागतं.

नुसता सबचा नॉब १० डेसिबल वाढवू नका. मुख्य स्पीकरांचा जो बास तुम्ही सबकडे वळवला आहे तो त्याने १० डेसिबल जास्त होईल. प्लेअर सॉफ्टवेअरच्या मिक्सरमध्ये फक्त एलएफईची ओळ १० डेसिबल वर घ्या आणि त्यानंतर त्यात बाकीच्या चॅनेलचा बास मिळवा. पाच चॅनेलचा बास आणि वाढवलेला एलएफई एकत्र आला की डिजिटल पातळी शून्याच्या वर जाते, म्हणून मिक्सरच्या आधी सगळेच चॅनेल सारखे खाली आणा. मी १५ डेसिबल खाली आणले आहेत. इथे २४ किंवा ३२ बिटांचा खरा उपयोग होतो, आणि सोल्डरगन म्हणाले ते गेनचं गणितही इथे जुळतं. ती ९ डेसिबल वाया जात होती ना, ती इथे कामी येतात.

महालकर

केलं. एलएफई १० वर, सगळे १५ खाली. सब जागेवर आला. संगीतात बास पयल्यासारखाच आहे, वाढला नाही. मल्टिमीटरने पाची चॅनेल मोजले तर मागचा उजवा १.९१ व्होल्ट, बाकी सगळे २ च्या आसपास. केबल बदलली तरी तेवढेच.

सोल्डरगन

०.४ डेसिबल. मागच्या दोन स्पीकरांची डावी-उजवी केबल डॅकच्या टोकाला आपसात बदला. १.९१ त्याच स्पीकरकडे राहिलं तर अ‍ॅम्पचा तो चॅनेल कमी आहे, दुसरीकडे गेलं तर डॅकचा. दोन्हीपैकी काहीही निघालं तरी मिक्सरमध्ये त्या ओळीला ०.४ वाढवून टाका, दुरुस्तीला पाठवण्याएवढं ते नाही. काय निघालं ते मात्र इथे लिहा.